काळा डाग की तळे?

तुमच्या गावच्या तलावाचा नकाशा काढायचा आहे, असे समजा. काम फारसे अवघड नाही. चारपाच जणांनी मिळून काठाकाठाने चालायचे, दोरीने अंतरे मोजायची आणि होकायंत्र पाहून दिशा टिपून घ्यायच्या. मग जाणत्या माणसाने होडीतून मध्यभागी जायचे आणि दोरीला दगड बांधून पाण्यात सोडायचा. दगड तळाला टेकला की खोली कळली. कारंज्याचा ऋषितलाव घ्या, वाशिमचा देवतलाव घ्या किंवा वाशिम शहराला पाणी पुरवणारे एकबुर्जी धरण घ्या, रीत हीच.

आता प्रश्न थोडा अवघड करू. समजा, हा तलाव पृथ्वीपासून शंभर कोटी किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तिथे कोणी माणूस गेलेला नाही. तलावावर दाट धुके कायमचे पसरलेले आहे, त्यामुळे दुर्बिणीतून काही दिसत नाही. भरीस भर म्हणजे, तिथे खरोखर तलाव आहे की नाही हेच मुळी ठाऊक नाही. मग नकाशा कसा काढाल?

विद्यार्थी मित्रहो, असा नकाशा निघाला आहे. शनीच्या टायटन नावाच्या उपग्रहावर शेकडो सरोवरे आणि तीन मोठे समुद्र आहेत आणि त्यांचे किनारे, नद्यांची मुखे, काहींची खोलीसुद्धा आज आपल्याला ठाऊक आहे. हे कसे साधले, ते या लेखात पाहू.

झाकलेले जग

टायटनचा शोध डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५५ साली लावला. त्याचा व्यास सुमारे ५,१५० किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहापेक्षाही थोडा जास्त आहे. शनीभोवती एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे १६ दिवस लागतात. आपला चंद्र जशी पृथ्वीकडे सदैव एकच बाजू ठेवतो, तशीच टायटनही शनीकडे एकच बाजू ठेवतो.

१९४४ साली जेरार्ड कायपर या खगोलशास्त्रज्ञाला टायटनच्या प्रकाशात मिथेन वायूची खूण सापडली. मिथेन तुम्हाला अपरिचित नाही. गोबर गॅसच्या शेगडीत जो वायू जळतो, त्याचा मुख्य ज्वलनशील घटक मिथेनच. टायटनला दाट वातावरण आहे. त्यात बहुतांश नायट्रोजन आणि थोडा मिथेन आहे, आणि जमिनीलगतचा दाब आपल्याकडच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ दीडपट आहे. मात्र सूर्य फार दूर असल्यामुळे तिथले तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस आहे.

आता हा आकडा नीट ध्यानात घ्या. आपल्याकडच्या हवेच्या दाबाखाली मिथेन उणे १६१.५ अंशांना द्रवरूप होतो आणि सुमारे उणे १८२.५ अंशांना गोठतो. टायटनचे तापमान या दोन आकड्यांच्या मध्ये येते. पृथ्वीवर जशी पाण्याची वाफ, पाणी आणि बर्फ ही तिन्ही रूपे नांदतात, तसा टायटनवर मिथेनचा वायू होऊ शकतो आणि द्रवही होऊ शकतो. म्हणजे तिथे मिथेनचे ढग, मिथेनचा पाऊस आणि मिथेनचे तलाव असणे शक्य आहे. पाणी मात्र त्या थंडीत दगडासारखे कठीण होऊन बसते. तिथले डोंगर आणि गोटे हे बर्फाचेच आहेत.

तुम्ही विचाराल, इतका ज्वलनशील पदार्थ असताना टायटन पेट कसा घेत नाही? जळण्यासाठी प्राणवायू लागतो आणि टायटनच्या हवेत मुक्त प्राणवायू जवळजवळ नाहीच. तिथे काडी ओढली तरी मिथेन पेटणार नाही.

शक्य आहे म्हणजे आहेच, असे मात्र नव्हे. १९८० सालच्या नोव्हेंबरात व्हॉयेजर-१ हे यान टायटनच्या जवळून गेले. शास्त्रज्ञ मोठ्या आशेने छायाचित्रांची वाट पाहत होते. छायाचित्रांत दिसला तो नारिंगी धुक्याचा एकसारखा गोळा. जमिनीचे दर्शन झालेच नाही.

काळे ते समुद्र नव्हे

सूर्यप्रकाशामुळे टायटनच्या उंच हवेत मिथेनचे रेणू तुटतात आणि त्यांपासून ईथेनसारखे दुसरे पदार्थ बनतात. कोट्यवधी वर्षे हे चालले असेल तर सारा टायटनच ईथेनच्या समुद्राखाली बुडालेला असावा, असा एक तर्क त्या काळी मांडला गेला.

धुक्यातून थोडेफार पार जाणारे अवरक्त किरण वापरून १९९४ साली हबल दुर्बिणीने टायटनची चित्रे घेतली. त्यांत उजळ आणि काळे असे मोठमोठे प्रदेश दिसले. काळे प्रदेश म्हणजे समुद्र असतील काय? द्रव पृष्ठभाग दुरून काळा दिसू शकतो हे खरे. पण काळी दिसणारी प्रत्येक गोष्ट द्रव असते काय? वाशिमच्या काळ्या जमिनीचे शेत लांबून पाहिले तर तेही काळेच दिसते!

या प्रश्नाचा निकाल कॅसिनी यानाने लावला. ते १५ ऑक्टोबर १९९७ रोजी पृथ्वीवरून निघाले आणि जवळजवळ सात वर्षांचा प्रवास करून जुलै २००४ मध्ये शनीजवळ पोहोचले. त्याच्यासोबत हायगेन्स नावाचे एक छोटे यान होते. १४ जानेवारी २००५ रोजी ते हवाई छत्रीच्या साहाय्याने सुमारे अडीच तासांत टायटनवर उतरले. समुद्रात पडले तर काही वेळ तरंगावे, ही शक्यताही त्याच्या रचनेत धरलेली होती. पण ते उतरले ओलसर जमिनीवर. आजूबाजूला नदीपात्रात असतात तसे गुळगुळीत गोटे पडलेले होते. यानाच्या उष्णतेने जमीन तापताच तिच्यातून मिथेनची वाफ निघाली. म्हणजे इथे कधी तरी प्रवाह वाहिला होता खास, पण समुद्र नव्हता.

पुढे त्याच वर्षी विषुववृत्ताजवळच्या काळ्या प्रदेशांची तपासणी कॅसिनीने केली, तेव्हा तिथे निघाल्या वाळूच्या टेकड्या! राजस्थानच्या वाळवंटात असतात तशा, शेकडो किलोमीटर लांब रांगा. ही वाळू काळपट कार्बनी पदार्थांची आहे. ज्याला समुद्र म्हणून पाहिले, ते वाळवंट ठरले. या अनुभवाने शास्त्रज्ञ सावध झाले. यापुढे नुसता काळा डाग पाहून कोणी त्याला तळे म्हणणार नव्हते.

धुक्याआड पाहणारा डोळा

कॅसिनीपाशी धुके भेदणारे एक साधन होते, ते म्हणजे रेडार. रेडार स्वतःच्या रेडिओ लहरी सोडते आणि त्यांचा प्रतिध्वनी ऐकते. कॅसिनीच्या रेडारची लहर सुमारे २.२ सेंटिमीटर लांबीची होती. धुक्याचे कण त्या मानाने इतके बारीक असतात की ही लहर त्यांना न जुमानता सरळ आरपार जाते. रेडारला दिवस आणि रात्रही सारखीच, कारण तो सूर्याच्या उजेडावर अवलंबून नसतो.

आता या लहरी जमिनीवर तिरप्या पडल्या म्हणजे काय होते ते पाहा. जमीन ओबडधोबड असेल तर लहरी चारी दिशांना विखुरतात. त्यांतल्या काही परत यानाकडे येतात आणि चित्रात ती जागा उजळ दिसते. पृष्ठभाग आरशासारखा सपाट असेल तर सगळ्या लहरी दुसऱ्या बाजूला निघून जातात. भिंतीवर तिरपा टाकलेला चेंडू तुमच्या हातात परत येत नाही, पलीकडे जातो, तसेच हे. यानाकडे काहीच परत येत नाही, म्हणून ती जागा चित्रात काळीकुट्ट दिसते.

कॅसिनी शनीभोवती फिरत होते आणि मधूनमधून टायटनजवळून जात होते. १३ वर्षांत अशा १२७ नियोजित भेटी झाल्या. एका भेटीत रेडारने टायटनची एकच लांबट पट्टी पाहिली जाई. यानाची चार मीटर व्यासाची तबकडी पृथ्वीशी बोलण्यासाठीही वापरायची आणि रेडारसाठीही, म्हणून दोन्ही कामे एका वेळी होत नसत. आधी टायटनकडे तोंड करून निरीक्षणे साठवायची आणि मग पृथ्वीकडे वळून ती धाडायची. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने निघूनही पृथ्वीवर पोहोचायला एक तासाहून अधिक वेळ घेई. आजी जशी जुन्या कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवते, तसा या पट्ट्या जोडून टायटनचा नकाशा तयार झाला. गोधडीला काही भोके राहिलीच. रेडारने बारकाईने पाहिलेला भाग टायटनच्या निम्म्यापेक्षा थोडा कमी आहे.

साक्षीपुरावे

२२ जुलै २००६ या दिवशी रेडारची पट्टी टायटनच्या उत्तर ध्रुवाजवळून गेली. तिथे त्या वेळी हिवाळ्याची लांबलचक रात्र होती. चित्र आले आणि त्यात काळेकुट्ट, रेखीव काठांचे सुमारे ७५ डाग दिसले. काही तीन किलोमीटरांचे, तर काही ७० किलोमीटरांहूनही मोठे.

हे तलाव होते काय? न्यायालयात एका साक्षीवर निकाल देत नाहीत. इथेही एकामागून एक साक्षी तपासल्या गेल्या.

पहिली साक्ष काळेपणाची. हे डाग इतके काळे होते की त्यांतून प्रतिध्वनी जवळजवळ आलाच नव्हता. वाळूच्या टेकड्याही इतक्या काळ्या दिसल्या नव्हत्या.

दुसरी साक्ष आकाराची. कित्येक डागांना वळणे घेत येऊन मिळणारे ओहोळ दिसले. काही डाग खोलगट जागेत अर्धेच भरलेले होते, आणि पावसाळ्यानंतर आपल्या तलावाचे पाणी ओसरत गेले म्हणजे काठाशी जशा कडा उरतात, तशा कडा त्यांच्याभोवती होत्या.

तिसरी साक्ष पदार्थाची. दक्षिण ध्रुवाजवळ कॅमेऱ्याला २००५ साली पावलाच्या ठशासारखा एक काळा डाग दिसला होता. २००७ सालच्या डिसेंबरात कॅसिनीने त्याच्यावरून येणारे अवरक्त किरण तपासले. त्यांत द्रव ईथेनची खूण सापडली आणि हा निष्कर्ष २००८ साली जाहीर झाला. हेच ऑन्टारिओ सरोवर.

चौथी साक्ष सपाटपणाची. २००८ च्या अखेरीस याच सरोवराच्या अगदी वरून रेडारने लहरी सरळ खाली सोडल्या. तिरप्या नजरेला जे काळे दिसत होते, ते आता आरशासारखे झगझगीत निघाले. प्रतिध्वनी इतका जोरदार आला की ग्राहकयंत्राला तो पेलवेना. त्यावरून गणित केले तेव्हा त्या ठिकाणी पृष्ठभागाचा उंचसखलपणा केवळ काही मिलिमीटर असल्याचे दिसले. इतकी गुळगुळीत वाळू किंवा माती कुठून असणार?

पाचवी साक्ष खुद्द सूर्याने दिली. तोवर उत्तर ध्रुवावर उजेड येऊ लागला होता. ८ जुलै २००९ रोजी कॅसिनीला उत्तरेकडच्या एका सरोवरावर सूर्याचा लखलखीत कवडसा दिसला. संध्याकाळी तलावावर ऊन चमकते, अगदी तसाच.

इतके झाल्यावर शंकेला जागा उरली नाही. पृथ्वी सोडून दुसऱ्या कोणत्याही जगाच्या पृष्ठभागावर आज द्रवाचे कायम साठे ठाऊक असतील, तर ते फक्त टायटनवर.

दोरीवाचून खोली

काठ कळले, आता खोली हवी. इथे निसर्गाने एक मोठी सवलत दिली. रेडारची लहर पाण्यात शिरली की काही मिलिमीटरांतच शोषली जाते. एकबुर्जीच्या पाण्यावर असे रेडार धरले तर पृष्ठभागाचा प्रतिध्वनी येईल, तळाचा येणार नाही. द्रव मिथेन मात्र या लहरींना काचेसारखा पारदर्शक असतो.

२०१३ च्या मे महिन्यात कॅसिनी लिजिया नावाच्या समुद्रावरून गेले आणि रेडारच्या लहरी सरळ खाली सोडल्या गेल्या. नोंदी बारकाईने तपासताना मार्को मास्ट्रोज्युसेप्पे या इटालियन संशोधकाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना एका लहरीचे दोन प्रतिध्वनी सापडले. पहिला जोरदार, तो पृष्ठभागाचा. दुसरा क्षीण आणि जरा उशिराचा, तो तळाचा!

खोलीचे गणित तुम्हीही करू शकाल. रेडिओ लहरीचा वेग पोकळीत सेकंदाला तीन लाख किलोमीटर असतो. द्रव मिथेनमध्ये तो कमी होऊन सुमारे २ लाख ३० हजार किलोमीटर, म्हणजे २३ कोटी मीटर होतो. समजा, दोन प्रतिध्वनींत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या १.४ पट इतके अंतर पडले. तेवढ्या वेळात लहर २३ कोटी × ०.००००००१४ × १० = ३२२ मीटर गेली. पण ती तळापर्यंत जाऊन परत आली आहे, म्हणून खोली त्याच्या निम्मी, म्हणजे १६१ मीटर. लिजियाच्या तपासलेल्या रेषेवर जास्तीत जास्त खोली सुमारे १६० मीटरच भरली.

दुसरा प्रतिध्वनी किती क्षीण झाला, यावरून आणखी एक गोष्ट समजली. ईथेन या लहरींना मिथेनपेक्षा जास्त शोषून घेतो. लिजियाच्या द्रवात शोषण फारच थोडे झाले होते. तेव्हा तो समुद्र मुख्यतः मिथेनचा आहे, हे ठरले. यान द्रवाला शिवलेही नाही आणि त्याची परीक्षा मात्र झाली.

शून्याची रेघ आणि वाशिम

जागा दाखवायला नकाशावर अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते लागतात. विषुववृत्त निसर्गच ठरवून देतो, पण रेखावृत्तांची मोजणी कुठून सुरू करायची, हे माणसाला ठरवावे लागते. आज आपण ती इंग्लंडमधील ग्रिनिचपासून करतो. प्राचीन भारतीय ज्योतिषी ती लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या, उज्जयिनीवरच्या मध्यरेषेपासून करीत. लीलावतीकार भास्कराचार्यांच्या आधी, सातव्या शतकात, दुसरे एक भास्कर होऊन गेले. त्यांच्या 'महाभास्करीय' या ग्रंथात या रेषेवरची गावे सांगितली आहेत. त्यांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचेही नाव येते. वत्सगुल्म म्हणजेच वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आपले आजचे वाशिम!

आजच्या मोजणीप्रमाणे वाशिम उज्जैनच्या सुमारे १.३ अंश पूर्वेला आहे. दोन्ही गावे एका रेषेवर नेमकी येत नाहीत. त्यात त्या ज्योतिष्यांचा दोष नाही. अचूक घड्याळ नसताना दोन गावांमधले पूर्वपश्चिम अंतर ठरवणे फार कठीण असते. सांगायचे ते इतकेच, की ज्या प्रश्नाशी ते झगडले, तोच टायटनचा नकाशा काढणाऱ्यांसमोर आला. त्यांनी तोडगा सोपा काढला. टायटनची एकच बाजू सदैव शनीकडे असते. त्या बाजूच्या बरोबर मध्यातून जाणारी रेघ ही टायटनची शून्य रेघ.

मग आली नावे. टायटनवरच्या समुद्रांना पुराणकथांतल्या जलराक्षसांची आणि सागरी जीवांची, तर सरोवरांना पृथ्वीवरच्या सरोवरांची नावे द्यायची, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. म्हणून तिथे क्राकेन, लिजिया आणि पुंगा हे तीन समुद्र आहेत. सरोवरांत मणिपूरच्या लोकटाकचे आणि सिक्कीमच्या त्सोमगोचे नाव आहे. तळ उरलेल्या एका कोरड्या सरोवराला आपल्या कच्छच्या रणाचे नाव मिळाले आहे.

नकाशा काय सांगतो?

आकारांची कल्पना यावी म्हणून वाशिम जिल्ह्याचेच माप घेऊ. मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा आणि वाशिम हे सहा तालुके मिळून जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ५ हजार चौरस किलोमीटर होते. ऑन्टारिओ सरोवरात असे तीन जिल्हे मावतील आणि लिजिया समुद्रात पंचवीस. क्राकेन समुद्र तर ४ लाख चौरस किलोमीटरांच्याही पुढे जातो, म्हणजे साऱ्या महाराष्ट्राहून मोठा आहे.

बहुतेक सारी सरोवरे उत्तरेला आहेत, दक्षिणेला अगदी मोजकी. असे का? शनीचे वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचे असते आणि त्याची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही. सध्या टायटनच्या दक्षिणेचा उन्हाळा सूर्य जवळ असताना येतो, म्हणून तो कडक आणि आखूड असतो. उत्तरेचा उन्हाळा सौम्य आणि लांब असतो. त्यामुळे मिथेन हळूहळू उत्तरेकडे जाऊन साठला असावा, असे एक स्पष्टीकरण आहे.

दुसरी गोष्ट विहिरींची आठवण करून देते. पावसाळ्यानंतर गावातल्या शेजारशेजारच्या विहिरींत पाण्याची पातळी साधारण सारखी दिसते, कारण जमिनीखालून पाणी झिरपत असते. टायटनच्या एकाच खोऱ्यातली सरोवरे मोजली तेव्हा कोरड्या खळग्यांचे तळ भरलेल्या सरोवरांच्या पातळीहून वर आढळले. याचा अर्थ, तिथेही जमिनीखालून मिथेन झिरपत असावा.

तिसरी गोष्ट अजून वादाची आहे. कित्येक लहान सरोवरे उभ्या कडांची आहेत आणि काहींच्या भोवती उंच वरंबा आहे. तुमच्यापैकी काहींनी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर पाहिले असेल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खळगा उल्केच्या आघाताने झाला. तर मग टायटनवरचे खळगेही उल्केचेच का म्हणू नयेत? कारण त्यांचे काठ वेडेवाकडे आहेत, लोणारसारखे गोल नाहीत, आणि ध्रुवांजवळ ते दाटीवाटीने आहेत. पृथ्वीवर चुनखडीचा खडक पाण्यात विरघळून खळगे पडतात, तसे ते पडले असावेत असे काहींचे मत आहे. जमिनीखालचा द्रव नायट्रोजन एकाएकी वायुरूप होऊन स्फोट झाले असावेत, असे दुसऱ्यांचे म्हणणे आहे. निकाल लागायचा आहे.

कॅसिनीचे इंधन संपत आले तेव्हा १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते शनीच्या वातावरणात शिरवून नष्ट करण्यात आले. आता ड्रॅगनफ्लाय नावाचे उडते यान २०२८ साली सोडण्याचे नियोजन आहे. ते २०३४ च्या सुमारास टायटनवर पोहोचेल. पण ते उतरणार आहे विषुववृत्ताजवळच्या वाळूच्या प्रदेशात. सरोवरांच्या काठी जाणारे यान अजून व्हायचे आहे.

तीच विद्या आपल्या तलावांसाठी

आपल्याला याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. वाशिम जिल्हा नद्यांच्या माथ्यावर वसलेला आहे. इथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाऊन तापीच्या खोऱ्याला मिळते आणि अडाण पैनगंगेला जाऊन मिळते. पडलेले पाणी दोन्हीकडे वाहून जाते, म्हणून इथे धरणांत आणि लहान तलावांत साठेल त्यावरच उन्हाळा काढावा लागतो. मार्चमध्ये किती पाणी उरेल, हे आधी कळले तर पिण्यासाठी किती ठेवायचे आणि शेतीला किती सोडायचे हे ठरवता येते.

तलाव भरतात पावसाळ्यात, आणि नेमके तेव्हाच आभाळ ढगांनी झाकलेले असते. उपग्रहातल्या साध्या कॅमेऱ्याला खालचे काही दिसत नाही. रेडारला दिसते. भारताने २०१२ साली रिसॅट-१ हा रेडारचा उपग्रह सोडला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून निसार हा भारत आणि अमेरिका यांचा संयुक्त रेडार उपग्रह गेला. तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवरून फिरतो. त्याच्या चित्रातही शांत पाणी टायटनच्या सरोवरांसारखे काळेच दिसते.

इथेही तोच इशारा विसरून चालत नाही. गुळगुळीत डांबरी रस्ता आणि टेकडीची सावलीही रेडारला काळी दिसते. उलट वाऱ्याने लाटा उठलेला किंवा जलपर्णीने झाकलेला तलाव उजळ दिसतो. म्हणून चित्राला जागेवरच्या पाहणीची जोड द्यावी लागते. खोलीसाठी तर रेडारचा उपयोगच नाही. तिथे होडीतून ध्वनिलहरी सोडून तळाचा प्रतिध्वनी ऐकतात. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. गाळ साचून तळ वर आला असेल, तर काठ तितकाच राहूनही पाणी कमी झालेले असते, आणि ते या मोजणीतच उघड होते.

करून पाहा

रात्री खोलीतला दिवा मालवा. जमिनीवर एका ताटात ओली माती पसरा आणि तिच्या मधोमध पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी बसवा. वाटीच्या आतून काळा कागद लावला असेल तर उत्तम. आता विजेरी डोळ्याजवळ धरून ताटावर तिरपा प्रकाश टाका. माती उजळ दिसेल आणि पाणी काळे. विजेरी आणि डोळा दोन्ही हळूहळू ताटाच्या बरोबर वर आणा. एका क्षणी पाणी लख्ख चमकेल. मग एका मित्राला पाण्यावर हळूच फुंकर घालायला सांगा आणि पुन्हा तिरपे पाहा. काय बदल झाला, ते वहीत लिहून ठेवा.

जाता जाता एक उदाहरण. धरणाच्या मध्यावर होडीतून सोडलेला ध्वनी तळावर आपटून ०.०१६ सेकंदाने परत आला. पाच वर्षांनी त्याच जागी तो ०.०१२ सेकंदाने परत आला आणि पाण्याची पातळी दोन्ही वेळा सारखीच होती. तर तिथे किती मीटर गाळ साचला?